चढाची सायकल

“पुढं मोठं चक्र टाक. सगळ्यात मोठं,” गोरक्ष म्हणाला.

सायकलवाल्या मनोजने पाना खाली ठेवला. “भाऊ, मोटर लावलेली सायकल पळवायचीय की चढवायचीय?”

“चढवायची. डबल सीट.”

“मग उलटं. पुढं लहान, मागं मोठं. मोटरचा जोर चेनमधूनच चाकाला जातो ना. वेग जाईल, पण चढाला दम टिकेल.”

“कर. पण लवकर कर.”

लवकर हे गोरक्षचं पालुपद. बायको मीना म्हणायची, या माणसाला यमाचं बोलावणं आलं तर हा आधीच पोचून दार वाजवेल. पण आताच्या घाईला कारण होतं. डोंगरावरच्या पाड्यात आईचं, बयाबाईचं, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला झोळीत घालून उतरवलं होतं. हाड सांधलं, पण पायांत चढ चढायची ताकद राहिली नाही. गोरक्षच्या सातपूरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ती विचारायची, “घरी कवा?” आणि परवा डॉक्टरांनी गोरक्षला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता त्या म्हणतील तसं करा.

वणीच्या पुढं जीप पायथ्यापर्यंतच जाते. वर नुसती पाऊलवाट. गोरक्ष म्हणाला होता, “झोळी मागवतो, आये.” म्हातारी केवढ्यानं तरी ओरडली.

“झोळीत मानूस उतरवत्यात. वर झोळी चढती ती मढ्याची. मेले का मी?”

म्हणून ही सायकल. मनोजने मागच्या कॅरिअरला गादी बसवली, पाय ठेवायला पट्ट्या लावल्या.

रविवारी जीपच्या टपावरून सायकल पायथ्याला उतरली. बयाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मागं बसली. मोटर घुमू लागली. गोरक्षचे पाय गरागरा फिरत होते आणि सायकल मुंगीच्या पावलानं चालली होती. मध्येच बंद पडली तर? शेवटी झोळीच आणावी लागली तर?

“आये, घट्ट धर!”

“धरलंय. वराडतो कशाला? हळूच चाललीय की.”

हळू चालली होती म्हणूनच तर शेजारचा सहादू लाकडाची मोळी घेऊन बरोबरीनं चालू लागला. “बया, बरी हायस ना?”

“बरी हाय. तुझी शेळी व्याली का?”

“दोन करडं.”

“बघ की. मला कुनी सांगितलं नाय.”

पुढं पाणी आणणाऱ्या बायका भेटल्या. कुणाची सून, कुणाचं नागलीचं पीक, सगळ्यांची विचारपूस करत बयाबाई मोठ्या ऐटीत डोंगर चढली. घामाघूम झालेल्या गोरक्षकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

घरापाशी ती त्याच्या खांद्याला धरून उतरली, ओट्यावर टेकली आणि हातानं जमीन चाचपत राहिली.

“दोन दिवस राहू, आये. मग सावकाश उतरू.”

ती हसली. “उतरायचं तुला. मी आले.”

तेव्हा गोरक्षच्या ध्यानात आलं, आईला आपण घरी आणलं नव्हतं. पोचवलं होतं.

सहादूची बायको नागलीची पेज घेऊन आली. “कशी आलीस गं वर?”

“पोरानं बसवून आनली.”

खाली परतीच्या जीपचा हॉर्न वाजू लागला. “जा,” बयाबाई म्हणाली, “निघून जाईल ती.”

गोरक्षनं चपला काढल्या आणि तिच्याशेजारी मांडी घातली. हॉर्न आणखी थोडा वेळ वाजत राहिला.