उरलेली पिन

पेटीच्या तळाशी एक पिन पडलेली दिसली आणि ताईने ती उचलून हातात घेतली.

सकाळी पाइप जोडायच्या चौऱ्याऐंशी पिना तिने स्वतः मोजून पेटीत टाकल्या होत्या. एकदा नव्हे, दोनदा. छपराच्या सांगाड्यात पिनांच्या जागाही चौऱ्याऐंशीच. पेटी रिकामी असायला हवी होती.

तंबू अजून उभा व्हायचा होता. शाळेच्या मैदानावर त्याचं छप्पर तेवढं जमिनीवर जोडून झालं होतं. लंबू, वकील आणि बाकीचे चौघे गडी वरून ओढलेल्या कापडाच्या दोऱ्या आवळत होते. त्या आवळल्या की एक बाजू उचलून पाय बसवायचे, मग दुसरी बाजू, मग मेखा आणि ताणाचे दोर. शाळेच्या इमारतीचं छत इंजिनिअरने धोक्याचं ठरवलं होतं आणि उद्या सकाळपासून तीन वर्ग या तंबूत भरायचे होते. बाकं भिंतीला टेकून रांगेत उभी होती. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि चारनंतर वारा सुटणार असं सकाळच्या बातम्यांत सांगितलं होतं.

"ताई, उचलायचं का?" लंबूने विचारलं.

"थांब."

"आता काय?"

"एक पिन उरलीय."

वकिलाने हातातली दोरी सोडली. त्याने कोर्टाची पायरीही कधी चढली नव्हती, पण कुठल्याही गोष्टीला त्याच्याकडे तीन मुद्दे तयार असत, म्हणून हे नाव पडलेलं. "पहिला मुद्दा," तो म्हणाला, "कमी पडली असती तर काळजी. उरली तर चांगलंच की."

"उरली म्हणजे कुठेतरी घातली नाही."

"किंवा मोजताना..." तो बोलता बोलता थांबला. ताईचं मोजणं चुकलं असं तोंडावर म्हणायची त्याची छाती झाली नाही.

पेटीशेजारच्या खोक्यावर अण्णा बसले होते. तिचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी तंबू उभे केले होते आणि पोरीला हे काम शिकवलंही त्यांनीच. दोन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले तेव्हा सगळं तिच्या हाती दिलं. पण घरी बसणं काही त्यांच्या गळी उतरेना. "नुसता बसेन, पिना देईन, तुमच्या पायात येणार नाही," असं म्हणून ते रोज गाडीत चढत. गेल्या थंडीपासून त्यांचा उजवा हात थरथरायचा. गारठ्याने होतं, असं त्यांचं म्हणणं. आता ऊन भाजत होतं आणि तो हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.

"अण्णा, सगळ्या पिना तुमच्याच हातून गेल्या ना?"

"गेल्या."

"मग ही?"

त्यांनी पिनेकडे पाहिलं, मग मैदानापलीकडच्या झाडांकडे. "तुझं मोजणं चुकलं असेल," ते म्हणाले.

कोणी कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं. पिन मोजून काढायची, मोजून घालायची, हे त्यांनीच तिला घोकून घेऊन शिकवलं होतं. तिसरीत पाढे चुकली तेव्हा ते हसले होते. पण एकदा पिनांत चुकली तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते. आणि तिला वाटायला लागलं, चुकलंच असेल का? सकाळी फोन वाजला होता. मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकेचा. तेव्हा पन्नासावर होती की साठावर?

मोठ्या बाई व्हरांड्यातून येतच होत्या. "झालं ना हो? मला पालकांना कळवायचंय."

"अर्ध्या तासात सांगते."

"अर्धा तास तर तुम्ही दीड वाजताही म्हणाला होता."

ताईने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि कापडाची कड उचलून ती आत शिरली.

आत भट्टीसारखं तापलं होतं. पांढऱ्या कापडातून येणारा उजेड डोळ्यांना खुपत होता. गुडघ्यांवर रांगत ती एकेका जोडाशी गेली. डोळ्यांवर तिचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून बोटांनी चाचपत होती. पिन आरपार गेलीय का, टोकाला क्लिप बसलीय का. एक. दोन. सतरा. मध्येच वाऱ्याची झुळूक आली आणि सगळं कापड पोटासारखं फुगून खाली बसलं. लवकर आला, तिच्या मनात आलं. चार म्हणाले होते. ती भरभर सरकायला लागली, मग स्वतःलाच दटावून मागे आली आणि घाईत चाचपलेले दोन जोड पुन्हा चाचपले.

आढ्याच्या मधल्या जोडाशी तिच्या बोटाला गोल डोक्याऐवजी चपटं डोकं लागलं.

खिळा होता. चार बोटं लांब, पिनेच्या निम्म्यानेही जाड नसेल. पिनेच्या भोकात सैल बसलेला, दुसऱ्या बाजूला जरासा वाकवून ठेवलेला. छप्पर उचलताना सगळं वजन याच जोडावर येणार होतं आणि उद्या याच्याच खाली पोरं पाढे म्हणणार होती.

कापड चढायच्या आधी पेटी याच जोडापासून दोन पावलांवर होती. सकाळी लंबू दोर आणायला गाडीकडे गेला तेव्हा तिथे एकच माणूस होता.

तिने खिळा उपटला, दोन्ही पाइप खांद्याने रेटून भोकं जुळवली, पिन घातली, क्लिप लावली. मग उरलेले जोडही तपासले. बाहेर आली तेव्हा घामाने कपडे अंगाला चिकटले होते. खिळा मुठीत होता.

"सापडलं?" लंबूने विचारलं.

"सापडलं. पण आत्ता उचलायचं नाही. वारा बघ. कापडाच्या चारी कडा मेखांना बांधून टाका." तिने अण्णांकडे पाहिलं. "तुम्ही जरा गाडीकडे चला."

गाडीच्या आडोशाला तिने मूठ उघडली. अण्णांनी खिळा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"भोक दिसत होतं," ते म्हणाले. "हात जात नव्हता. तीनदा पिन पडली. तू येताना दिसलीस. खिळा बारीक, तो गेला."

"मला हाक मारायची."

"काय म्हणून मारू? मला पिन घालता येत नाही म्हणून?"

"हो! तेच म्हणायचं!" तिचा आवाज चढला. तिने तो आवरला. "खिळ्याचं एक वेळ सोडा. माझं मोजणं चुकलं म्हणालात. मी आत रांगत होते आणि मला माझीच खात्री वाटत नव्हती, अण्णा. मी उचला म्हणाले असते तर?"

त्यांचा हात आता उघड्यावर थरथरत होता, लपवायचंही भान त्यांना राहिलं नव्हतं. तिला त्यांची दयाही आली आणि रागही आला, आणि त्या दोन्हींच्या खालून तिसरंच काहीतरी वर यायला लागलं. थंडीपासून आजपर्यंत त्यांनी पाच तंबू उभे केले होते. चार उतरवून झाले होते.

"याआधी?" तिने विचारलं. "याआधी कुठे असं केलंत का?"

वाऱ्याने गाडीची ताडपत्री फडफडवली.

"अण्णा!"

"बस डेपोवर," ते म्हणाले. "एकच. त्या वेळी उरलेली पिन खिशात घातली. आज घालवेना."

बस डेपोवरचा तंबू पंधरा दिवसांपासून उभा होता. प्रवाशांच्या शेडचं काम चालू होतं तोवरची सोय. या वेळी तिथे शंभरएक माणसं तरी बसलेली असणार.

तिने वकिलावर मैदान सोपवलं. "छप्पर जमिनीवरच राहू दे. मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"कारण काय सांगू मोठ्या बाईंना?"

"वारा."

"आणि खरं कारण?"

"तेही वाराच आहे," असं म्हणत ती गाडीत बसली. अण्णा शेजारी बसले आणि लंबू टेकू, शिडी घेऊन मागच्या बाजूला चढला.

डेपो दहा मिनिटांवर होता, पण प्रत्येक सिग्नल जणू तिच्या वाईटावर टपला होता. ती एका हाताने स्टीअरिंगवर बोटं वाजवत होती, दुसऱ्या हाताने डेपोच्या साहेबांना फोन लावायला निघाली, मग अण्णांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला. "तू रस्ता बघ," म्हणाले. नंबर दाबायला त्यांना चारदा प्रयत्न करावा लागला. पलीकडून कोणी उचलला नाही. रस्त्यावर पानं, कागद, कुणाची तरी टोपी, सगळं एकाच दिशेने पळत होतं.

"कुठला जोड?"

"आढ्याचा. तिकीट खिडकीच्या बाजूने दुसरा." त्यांना आठवावं लागलं नाही. पंधरा दिवस तो जोड त्यांच्या डोक्यात असणार.

तंबू उभा होता. लांबून तरी सगळं ठीक दिसत होतं. जवळ गेल्यावर मात्र दिसलं, वाऱ्याचा झोत आला की छप्पर वर उचलल्यासारखं होई आणि झोत सरला की आढ्याचा पाइप कर्र करून खाली बसे. खाली माणसं पिशव्यांवर डोकं ठेवून पडली होती.

"सगळे बाहेर या! सामान राहू द्या, आधी माणसं बाहेर!" ती ओरडली.

कोणी हललं नाही. एकाने मान वर करून विचारलं, "का? बस लागली का?"

डेपोचे साहेब धावत आले. "अहो, काय चाललंय? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच उभा केलाय आणि मीच सांगतेय, याच्याखाली आत्ता कोणी बसायचं नाही."

"वाऱ्यात माणसं उघड्यावर काढू? काही मोडलंय का?"

ती उत्तर जुळवत होती, तेवढ्यात अण्णा पुढे झाले. "मोडलं नाही," ते साहेबांना म्हणाले. "मी चुकीचं जोडलंय. पिनेच्या जागी खिळा घातलाय मी." मग माणसांकडे वळून त्यांनी आवाज लावला. चाळीस वर्षं पन्नास माणसांना एका दमात उचलायला लावणारा तो आवाज होता. गुडघे गेले, हात गेला, पण तो अजून शाबूत होता. "उठा! चला, बाहेर! लेकरं आधी!"

माणसं उठली. कुरकुरत, पिशव्या ओढत, पण उठली. लंबूने चारी बाजूंनी दोर बांधून रस्ता अडवला. भिंतीच्या आडोशाला गर्दी झाली.

लंबू शिडी घेऊन आत निघाला तसा ताईने त्याचा दंड धरला. "आत्ता नाही."

"मग कधी? पडल्यावर?"

"पडला तर पडू दे. खाली कोणी नाही. झोत थांबल्याशिवाय कोणी आत जायचं नाही, तूही नाही, मीही नाही."

म्हणायला म्हणाली, पण तो पाऊण तास तिने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. ती दोराच्या कडेने येरझारा घालत होती. मेखांवर पाय दाबून बघत होती, एक ढिली वाटली तर घणाने दोन ठोके घालत होती. पाइप करकरला की तिची मान आपोआप वर जाई. शाळेतून मोठ्या बाईंचा फोन आला, दुसऱ्यांदा आला, तिसरा तिने उचललाच नाही. अण्णा भिंतीपाशी उभे होते. कोणीतरी त्यांना बसायला खुर्ची दिली होती, पण ते बसले नव्हते.

साडेचारच्या सुमाराला वाऱ्याचा जोर ओसरला. तिने आणखी दहा मिनिटं घड्याळ बघून घालवली. मग लंबूने आत जाऊन आढ्याखाली दोन्ही बाजूंनी टेकू लावले, वजन टेकूंवर घेतलं आणि ताई शिडी चढली.

वाकवलेलं टोक सरळ होऊन खिळा दोन बोटं बाहेर आला होता. तिने तो बाहेर ओढला तर हाताला काही जोरच लागला नाही. तिने गाडीतून आणलेली नवी पिन घातली. क्लिपचा टक् असा आवाज आला तेव्हा तिने पिन पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"खाली ये," शिडी धरून उभा असलेला लंबू हळूच म्हणाला. "सावकाश."

तरीही तिने सगळे जोड तपासले. साहेब घड्याळ दाखवत होते, माणसं आत शिरायला टपली होती, तिने कोणाकडे बघितलं नाही. शेवटचा जोड हाताखालून गेला तेव्हाच दोर सोडला.

शाळेत ते परतले तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि झाडांची पानं स्तब्ध होती. मोठ्या बाई व्हरांड्यात वाट बघत उभ्या होत्या, रागाने बोलायचं ठरवून आल्या असाव्यात, पण ताईचा अवतार बघून नुसत्या म्हणाल्या, "होईल का हो आज?"

"होईल."

अण्णांनी उरलेल्या चौघांना आणि वकिलाला जवळ बोलावून सगळं सांगितलं. दोन वाक्यांत. आयुष्यात पहिल्यांदा वकिलाकडे एकही मुद्दा नव्हता. मग तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही इथे उभे राहा. वरून गेलेल्या विजेच्या तारेकडे लक्ष ठेवा. आम्हाला उचलताना दिसत नाही."

एक बाजू वर गेली, पाय बसले. दुसरी गेली. मेखा तिरप्या ठोकून, दोर ताणून, अंधार पडायच्या आत तंबू उभा राहिला. ताई त्याच्याभोवती एकदा फिरली, मग उलट दिशेने पुन्हा फिरली. माणसं बाकं आत नेत होती तरी तिचे हात दोरांवरून हटत नव्हते.

अंधारात गाडी घराकडे निघाली. लंबू मागे झोपला होता.

"उद्या मी येत नाही कामावर," अण्णा म्हणाले.

तिला काहीतरी बोलायचं होतं. राहू द्या, या, नुसते बसा, असलं काहीतरी. तिने ते गिळलं, कारण ते खरं नव्हतं.

"डॉक्टरकडे जाईन म्हणतो. या हाताचं." ते खिडकीबाहेर बघत होते. "एकट्याने गेलो तर तो काय सांगतो ते घरी येईपर्यंत मी बदलून टाकीन. तू येशील?"

"येईन."

"तुझं काम?"

"दुपारनंतर जाऊ. सकाळी आधी डेपोवर जाऊन येते."

"आता काय राहिलंय तिथे?"

"काही नाही," ती म्हणाली. "एकदा बघून येते."