ह्यांचा नंबर तोच

आमच्या ह्यांचा मोबाईल नंबर अठ्ठ्याण्णव सालचा. तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. त्यामुळे आमचे हे, दिनकरराव, नंबर सगळ्यांना द्यायचे आणि वर बजावायचे, शक्यतो फोन करू नका.

करोलबाग सोडून गुडगावच्या चौदाव्या मजल्यावर आलो आणि ह्यांची रेंजच गेली. लिफ्टपाशी एका पायावर तोल सावरत "हॅलो, हॅलो" चालायचं. शेजारच्या पंजाबी बाईंना वाटायचं, योगासनं चाललीत.

"कंपनी बदला की. आता नंबर तोच राहतो," मी म्हटलं.

"आणि नाही राहिला तर? काला अंबच्या बसचं बुकिंग माझ्याकडे असतं, सरला."

दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर माथा टेकवायला जातात. बारा वर्षं बसमधली जागा ह्यांना फोन करूनच ठरायची. यंदा एकही फोन नव्हता. "बिचारे लावून लावून थकले असतील," हे म्हणायचे.

शेवटी मीच ह्यांच्या फोनवरून मेसेज केला, कोड आला, नवं सिम आलं. बदलाच्या दिवशी दोन तास फोन बंद पडला, तर ह्यांना जेवण जाईना. मग रेंज आली, तीही चक्क स्वयंपाकघरात.

हे वही-पेन घेऊन बसले. दोन दिवस फोन गप्प. माझ्या फोनवरून ह्यांनी स्वतःलाच लावून पाहिला, खणखणीत वाजला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा नाही लावला.

आमच्या मराठी मंडळातल्या इशिताने यंदा बुकिंग इंटरनेटवर घेतलं होतं. ह्यांना सांगायचं मात्र सगळेच विसरले. मला परवा कळलं, पण सांगायचा धीर होईना. आता रेंजला बोल लावायचीही सोय मीच घालवली होती. फार वाईट वाटलं मला.

"कोथिंबीर आणते," म्हणून खाली गेले आणि गेटपाशी उभं राहून ह्यांना फोन लावला.

"काला अंबची बस ना? दोन सीट हव्यात."

माझं नाव दिसलंच असणार. तरी ह्यांनी घसा खाकरला. "नाव सांगा."

"सरला."

"दुसरी सीट?"

"बारा वर्षं दारात उभं राहून दुसऱ्यांना बसवतो, त्या माणसाची. यंदा त्याला खिडकीशी बसवा."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग ह्यांनी हळूच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"परवा."

"राहू दे ती कोथिंबीर," हे म्हणाले. "वर ये."