एका हाकेत सगळेच लाल

मी बोलतेय, डोळ्यांच्या दवाखान्याच्या वेबपेजची स्टाइलशीट. तुम्ही मला कधी पाहिलं नसणार. पानावरचा कोणता मजकूर कोणत्या रंगाचा आणि केवढ्या आकाराचा, हे सांगणारी मी पडद्यामागची फाईल. इतके दिवस गप्प होते, पण आता डोक्यावरून पाणी गेलंय.

मला लिहिलं डॉक्टरबाईंच्या भाचीने. पोरगी मोठी नेटकी. माझ्यातला प्रत्येक नियम म्हणजे आधी हाक, मग हुकूम. त्या हाकेला सिलेक्टर म्हणतात. नुसती ‘पी’ अशी हाक मारली की पानावरचे झाडून सगळे परिच्छेद हजर! एखाद्यालाच बोलवायचं असेल, तर त्या परिच्छेदाला आधी क्लासचं नाव द्यायचं आणि नावाआधी टिंब देऊन हाक मारायची. भाचीने हे कंपाउंडरभाऊंना दोनदा समजावलं, वहीत लिहून दिलं आणि ती नोकरीला निघून गेली. वही औषधांच्या खोक्यांखाली गेली.

भाऊ तसा देवमाणूस. पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालताना त्यांचा हात कधी हलत नाही. माझ्यापाशी आले की मात्र घोड्यावर बसून येतात.

एके दिवशी बाई म्हणाल्या, “भाऊ, ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीला उपाशीपोटी यायचं, ती ओळ लाल करा. लोक खाऊन येतात.”

भाऊंनी ‘पी’ला हाक मारली आणि हुकूम सोडला, लाल! झालं. पत्ता लाल, वेळा लाल, ‘फाटकासमोर गाडी लावू नये’ लाल. ‘आपलं स्वागत आहे’ हेसुद्धा लाल, जणू डोळे वटारून स्वागत चाललंय. मी तरी काय करणार? हाक येईल त्याला उभं करायचं, एवढंच मला कळतं.

“दिसतेय ना ओळ?” बाईंनी विचारलं.

“ठसठशीत!” भाऊ म्हणाले. त्यांना दिसणारच, ओळ कुठे आहे ते त्यांना पाठ होतं.

लोक खाऊन येतच राहिले. भाऊंनी मग अक्षरं मोठी केली, नंतर ठळक केली. कुणाची? पुन्हा ‘पी’चीच! मी कपाळाला हात लावला असता, पण मला ना कपाळ, ना हात.

मग घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा आले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सोबत मुलगी. चहा-बिस्किटं खाऊन आले होते, तेही दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला भाऊंनी ‘पान वाचून या’ एवढंच सांगून परत पाठवलं होतं.

“अहो, लाल अक्षरांत लिहिलंय की!” भाऊ वैतागले.

मुलीने फोन त्यांच्यापुढे धरला. “सगळंच लाल आहे, भाऊ. यातलं वाचायचं कोणतं? दोनदा रजा काढली मी. परवापर्यंत रिपोर्ट आला नाही, तर ऑपरेशन तीन महिने पुढे जाणार.”

“असू दे गं,” आजोबा म्हणाले. “तोवर लोकांची घड्याळं परत देऊन टाकतो. काटेच दिसत नाहीत आता.”

ती दोघं गेल्यावर भाऊंनी खोकी हलवून वही काढली. ‘पी’चा लाल, मोठा, ठळक, सगळा थाट पुसला. त्या एका ओळीला ‘उपाशी’ असं क्लासचं नाव दिलं आणि त्या नावाने हाक मारली, टिंबाशिवाय. अर्थात काहीच झालं नाही.

“ही फाईलच बिघडलीय!” म्हणे. अरे माणसा, टिंब! चारदा वही वाचल्यावर ते एकदाचं पडलं, आणि साऱ्या पानावर एकच ओळ लाल झाली. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आजोबा भुकेने चिडचिडत हजर. “अक्षरं मला दिसत नाहीत,” ते म्हणाले, “पण काल पोरगी दवाखान्याची वेळ बघत होती, तेव्हा फोनवर लाल डाग एकच दिसला. तो काय म्हणतो, विचारलं तिला.”

रक्त घेतलं गेलं. बाई खूश झाल्या. “छान दिसतंय की! आता वेळाही लाल करा, पत्ताही करा.”

भाऊ माझ्यापुढे बसले. बोट ‘पी’वर गेलं. संपलं सगळं, मी म्हटलं.

“नको, बाई,” भाऊ म्हणाले. “मग आजोबांसारख्यांनी डाग कुठला शोधायचा?” आणि त्यांनी बोट उचललं.

तर मंडळी, कधी माझ्यासारखीपुढे बसलात, तर एकासाठी साऱ्या गावाला उठवू नका. ज्याला बोलवायचं, त्याचं नाव घ्या. आणि कृपा करून, ते टिंब विसरू नका.