जावयाला निवडून दिलेली काठी

मी गळाची काठी बोलतेय. खरं तर आता माझे दोन तुकडे झालेत, पण बोलायला एक तोंड पुरतं.

अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, तळ्यांच्या मुलखात, डोरीनचा बार आहे. एका टोकाला ब्रँडी आणि शुक्रवारचा तळलेला मासा, दुसऱ्या टोकाला दोऱ्या, गळ, आमिषं आणि काठ्या. त्या काठ्यांच्या रांगेत मी उभी असायचे. सात फुटांची, सडपातळ, काळीभोर. कारखान्यात कार्बनचं कापड पोलादी सळईवर गुंडाळून मला भट्टीत भाजलं, एका बाईने दोरी ओवायच्या कड्या बारीक दोऱ्याने माझ्या अंगावर बांधल्या आणि मुठीच्या वर पांढऱ्या अक्षरांत माझी ताकद छापली गेली : तीन औंसांपर्यंतचं आमिष. त्याची मला कधी लाज वाटली नाही. जेवढं पेलतं तेवढंच लिहिलं होतं.

माझ्या शेजारी एक नऊ फुटी धटिंगण उभी होती. तिच्यावर बारा औंस लिहिलं होतं. मस्की हा आमच्या तळ्यांतला दरोडेखोर मासा, बदकाचं पिल्लूही सोडत नाही. पानं गळायला लागली की त्याला मोठी शिकार लागते. मग लोक विटेएवढी रबरी आमिषं फेकतात. त्या कामाला ती धटिंगणच हवी. उन्हाळ्यातल्या हलक्या आमिषांसाठी मी.

मे महिन्यात नॉर्बर्ट झिल्के आपल्या जावयाला घेऊन आला. नॉर्बर्टचा सारा जन्म पाहुण्यांना बोटीतून मासेमारीला नेण्यात गेलेला. तळ्याचा तळ त्याला तळहातासारखा पाठ होता. दुसऱ्याची फजिती केल्याशिवाय मात्र त्याला जेवण जात नसे. जावई कॅल्विन प्रुइट शेजारच्या इलिनॉय राज्याचा, धंद्याने न्हावी. नॉर्बर्टच्या लेकीशी, लोर्नाशी, लग्न करून तो इथे आला आणि चर्चसमोर त्याने दुकान थाटलं. इलिनॉयची माणसं म्हणजे आमच्याकडे टिंगलीचा हक्काचा विषय. सासऱ्याने एकदा तरी आपल्याला बोटीत घ्यावं, म्हणून तो बिचारा झुरत होता.

"रबर फेकायचंय म्हणालात ना? मग ही जाड घेऊ?" कॅल्विनने धटिंगणीला हात लावला.

"ती? अहो जावईबापू, तिला खांदा लागतो. तुम्ही दिवसभर कंगवा उचलणार! ही घ्या." नॉर्बर्टने मला त्याच्या हातात दिलं.

कॅल्विनने डोळे बारीक करून माझ्यावरची अक्षरं वाचली. "हिच्यावर तर तीन औंसच लिहिलंय."

"कारखानेवाले घाबरट असतात. त्यांचं ऐकणार की माझं?"

कॅल्विनने डोरीनकडे पाहिलं. तिला सगळं कळत होतं. नॉर्बर्टने तिला डोळा मारला. तिने फडकं उचललं, कोरडाच ग्लास पुसायला घेतला आणि म्हणाली, "नॉर्बर्टला या तळ्यातलं सगळं कळतं रे बाबा."

ते खोटं नव्हतं. कळत होतं म्हणूनच तर त्याने मला निवडलं.

उन्हाळा माझा सुखाचा गेला. संध्याकाळी दुकान बंद करून कॅल्विन आणि लोर्ना वल्ह्याच्या छोट्या नावेतून निघायचे. हलकी, झगमगती आमिषं मी कितीतरी लांब फेकायचे. लहानसहान मस्की लागायचे, तो हळूच गळ काढून त्यांना सोडून द्यायचा. घरी आल्यावर वस्तरे पुसायच्या मऊ कापडाने मला पुसायचा. "पप्पांनी निवडून दिलीय," असं लोर्नाला पुन्हा पुन्हा सांगायचा. ती हसून दुसरीकडे बघायची. वडिलांना ती ओळखून होती, पण नवऱ्याचा आनंद मोडवेना.

ऑक्टोबरात बोलावणं आलं. नॉर्बर्टची मोठी बोट, मोटर चालवायला लोर्नाचा भाऊ रूडी. तळ्यावर गार वारा सुटला होता. नॉर्बर्टने डब्यातून एक रबरी आमिष काढलं आणि स्वतःच्या हाताने माझ्या दोरीला बांधलं. त्या वजनानेच माझी मान खाली गेली. रूडीने फोन बाहेर काढला. तेव्हा मला समजलं. मे महिन्यात पेरलेला विनोद आज कापायचा होता. मी फेकताना मोडणार, जावई तोंडावर पडणार आणि शुक्रवारी बारभर ते चित्र फिरणार.

कॅल्विनने हलक्या हाताने फेकलं. आमिष बोटीजवळच धप्पकन पडलं.

"अरे, बाळाला झोपवतोयस का?" रूडी ओरडला.

"जोर लावा, इलिनॉयकर!" नॉर्बर्ट म्हणाला. "मासा काय तुमच्या खुर्चीत येऊन बसणार आहे?"

त्याने जोर लावला. पुन्हा लावला. प्रत्येक फेकीला माझ्या अंगात बारीक तडे पडत होते. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मी कुरकुरत होते, पण वाऱ्यात ऐकणार कोण? आणि ऐकलं असतं, तरी सासऱ्यासमोर तो थांबला नसता.

फेक संपली की माझं टोक पाण्यात बुडवून बोटीलगत इंग्रजी आठचा आकडा काढायचा असतो. मस्की पाठलाग करत येतो आणि शेवटच्या वळणावर झडप घालतो. कॅल्विन ते मनापासून करायचा. त्या दुपारी पाण्याखालून ओंडक्यासारखं काहीतरी वर आलं, जबडा उघडला आणि आमिषासकट वळलं. बोटीतल्या कोणी एवढा मासा पाहिला नव्हता. नॉर्बर्टनेसुद्धा नाही.

मी मधोमध मोडले. बंदुकीसारखा आवाज झाला. माझा वरचा तुकडा दोरीवरून घसरत पाण्यात गेला.

रूडी हसत सुटला. कॅल्विनने मात्र दोरी सोडली नाही. माझी मूठ टाकून त्याने दोरी उजव्या हाताला गुंडाळली. "जाळं! नॉर्बर्ट, जाळं घाला!"

मासा बोटीला लागूनच होता. जाळं नॉर्बर्टच्या हातात होतं. ते पाण्याकडे झुकलेलं मी पाहिलं. मग त्याने त्या माशाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि जाळं पुन्हा उभं धरलं.

"आपला मासा आपणच काढावा," तो म्हणाला.

माशाने खाली बुडी मारली. ती दोरी विणलेली असते, सुरीसारखी. कॅल्विन ओरडला तसं हसणं थांबलं. नॉर्बर्टने चाकू काढून दोरी कापली, पण तोवर मधलं बोट आणि अनामिका हाडापर्यंत चिरली गेली होती. मासा तोंडात आमिष घेऊनच गेला. माझा पाण्यातला तुकडा रूडीने वल्ह्याने ओढून घेतला.

इस्पितळात टाके पडले. त्या दोन बोटांच्या शिरा काही नीट जुळल्या नाहीत. कात्रीच्या कडीत न्हावी घालतो ती अनामिका त्यांतलीच. महिनाभराने कॅल्विनने दुकान उघडून पाहिलं. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री गळून पडली. त्या आठवड्यातच दुकानाच्या काचेवरचं त्याचं नाव खरवडलं गेलं.

लोर्ना वडिलांच्या घरी गेली तेव्हा माझे तुकडे तिथेच कोपऱ्यात होते.

"पप्पा, ही मोडणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"गंमत होती गं. मासा येईल हे कोणाला ठाऊक होतं?"

"आणि जाळं? रूडीच्या फोनमध्ये सगळं आहे."

नॉर्बर्ट खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "तुझ्या नवऱ्याने सोडून द्यायला हवं होतं."

ती परत त्या घरात गेली नाही. नॉर्बर्टने मला बारवर नेलं. डोरीनने माझे दोन तुकडे तारेने बांधून ब्रँडीच्या बाटल्यांच्या वर टांगले. दर शुक्रवारी नॉर्बर्ट गोष्ट सांगायचा. त्याच्या तोंडी मासा लहान होत गेला आणि जावई जास्त जास्त बावळट. जाळं तर गोष्टीतून गेलंच.

हिवाळ्यात डोरीनने कॅल्विनला आमिषांच्या टोकाला नोकरी दिली. तिच्या मनाला काय टोचत होतं ते मला माहीत आहे, तिने कधी कोणाला सांगितलं नाही. आता तो माझ्याच खाली उभा राहून काठ्या विकतो. मोठ्या मस्कीसाठी कोणती घेऊ, असं कोणी विचारलं की वरती बोट दाखवतो आणि गोष्ट सांगतो. नॉर्बर्टपेक्षा रंगवून सांगतो. "मीच मूर्ख! न्हाव्याला नाजूक काठी आवडली, दुसरं काय!" माणसं टेबल बडवून हसतात. कोपऱ्यातून नॉर्बर्ट त्याला ब्रँडी पाठवतो. तो ती डाव्या हाताने घेतो.

ऐकणाऱ्यांनो, काठी घ्यायला जाल तेव्हा तिच्या अंगावर लिहिलेलं वाचा. फेकायचं तेच आमिष टोकाला टांगून बघा. मान झुकली तर जागच्या जागी ठेवून द्या, मग देणारा तुमच्या कितीही जवळचा असो. आणि जमलं तर मला इथून उतरवा. कुठल्याही तळ्यात टाका, माझी तक्रार नाही.

लोर्नाने प्रयत्न केला होता. मागच्या शुक्रवारी ती आत आली, कोणाकडे न बघता खुर्चीवर चढली आणि तार सोडवू लागली.

कॅल्विन धावत आला. तिचा हात धरून हळूच म्हणाला, "राहू दे गं. ही गेली तर ही माणसं माझ्याशी बोलतील कशाला?"

ती खाली उतरली. मी अजून इथेच आहे.