बाची खुशाली

आमच्या भागात फोनवर कोणी आपलं नाव सांगत नाही. मी एसटीत कंडक्टर आहे, दिवसभर नाना तऱ्हेची माणसं बघतो, तरी ही खोड मला आजवर उमगलेली नाही. फोन लावायचा आणि म्हणायचं, "ओळखलं का?" समोरच्यानं ओळखलं नाही तर रुसून बसायचं. समोरचाही असा, की "कोण बोलतंय?" विचारायला त्याची जीभ रेटत नाही. आपल्या माणसाला नाव विचारणं म्हणजे त्याला परकं करणं. मग तो अंदाजानं कोणाचं तरी नाव घेतो आणि पलीकडचा खूश होऊन म्हणतो, "बराबर!"

माझ्या सासूबाई चतुराबाई या रिवाजापायीच लुटल्या गेल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट हसत हसत सांगितली असती.

मामी शिरड शहापूरला एकट्या राहतात. मी त्यांना मामी म्हणतो. सासरे, सोनाजी, २००४ साली गेले. त्यांना दोन लेकरं. धाकटी सपना, म्हणजे माझी बायको, आणि थोरला रत्नपाल. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. सासऱ्यांना त्याला मास्तर करायचं होतं. डी.एड.ला नंबरही लागला होता, पण ते सोडून हा गडी ट्रकवर क्लीनर म्हणून निघाला. "मास्तर झाल्याबिगर मला तोंड दाखवू नको," असं सासरे रागाच्या भरात बोलून गेले. त्यानंही ते धरून ठेवलं. ही गोष्ट १९९९ची. त्यानंतर कोणी म्हणे गुजरातेत दिसला, कोणी म्हणे कलकत्त्याला. सासरे गेले तेव्हा निरोप धाडायला पत्ताच नव्हता. बापलेक दोघंही एका मातीचे, दुसरं काय म्हणणार!

२००८ साली आम्ही मामींना मोबाईल घेऊन दिला. आम्हाला वाटलं, आमच्याशी बोलतील. मामींचा हिशेब वेगळाच होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो नंबर गावातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला दिला. ट्रकवाल्यांना दिला, बांगड्या विकणाऱ्या रूपाबाईला दिला, वारंगा फाट्यावर चहाचं हॉटेल टाकलेल्या, मूळ शिरडच्याच गोपीचंदला दिला. "माझा रत्नपाल कुठं दिसला तर द्या त्याला," एवढंच म्हणायच्या.

आणि फोन आला तो चोराचा.

"मावशे, ओळखलं का?"

मामी म्हणाल्या, "वसराम का रे?"

"बराबर!"

वसराम हा मामींच्या बहिणीचा मुलगा, पुण्याला असतो. या खोट्या वसरामचा म्हणे अपघात झाला होता. दवाखान्यात पडलोय, पाकीट गेलंय, तू रिचार्जची कूपनं घे आणि त्यावरचे आकडे मला सांग, इथला माणूस त्यावर रोख पैसे देतो. मामी तशाच अनवाणी गावातल्या नरसिंगच्या दुकानात गेल्या. निराधार योजनेच्या पगारातून साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं घातलं. कूपनं खरवडून नरसिंगनंच आकडे वाचून दिले. शेवटी चोर म्हणाला, "काकांना सांगू नको हं मावशे, उगा काळजी करतील." मामींच्या ते डोक्यावरून गेलं. अपघाताचं ऐकून त्यांना कूपनांपलीकडं काही सुचत नव्हतं.

संध्याकाळी खऱ्या वसरामला फोन लावला तर तो घरी निवांत जेवत बसलेला.

मामींना पैशाचं फार वाटलं नाही. "म्या त्याला बाळा बाळा म्हणून राहिले रे जावई," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. सपना मात्र ताडताड बोलली.

"माय, काकांना सांगू नको म्हणला तवा तरी कळाया पायजे होतं का न्हाई? वसराम बाच्या मातीला आला होता! त्याला ठावं न्हाई का बा गेला ते?"

"व्हय गं बाई. चुकलं माझं."

"आता नीट ऐक. आधी कोणाचं नाव घ्यायचं न्हाई. त्याला सांगू दे. आन आपल्या सगळ्या माणसाला ठावं हाय बा गेला ते. म्हणून बाची खुशाली जो इचारील तो चोर. तिथंच कट करायचा."

मला ही युक्ती इतकी आवडली की गाडीत म्हातारी माणसं बसली की मी त्यांना सांगायचो. बायको हुशार आहे माझी. त्या "सगळ्या माणसा"त कोण राहून गेलं, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

पावसाळा सरता सरता एक दिवस मामी कळमनुरीला आमच्या घरी आल्या, त्या हसतच. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाल्या, "सपने, काल म्या चोर पकडला!"

मग त्यांनी सगळा फोन आम्हाला करून दाखवला. उजवा हात कानाला लावला की मामी, डावा लावला की चोर.

"म्हणतो कसा, माय, वळखलं का? म्या गप. पुन्हा म्हणतो, माय, म्या हाय गं. म्या म्हणलं, नाव सांग. तर मुडदा रत्नपालचं नाव घेतो! माझं काळीज असं लक्कन हाललं बघ. पण तुझं ध्यानात होतं मला. म्या काही बोललेच न्हाई. तर लगीच इचारतो, बा कसा हाय? अजून रागात हाय का?"

"मग?" सपना टाळी द्यायला हात पुढे करूनच उभी.

"मग काय! म्हणलं, मुडद्या, लाज न्हाई वाटत मला माय म्हणायला? मला पोरगं न्हाई. हाय ती एक लेक. पुन्हा फोन केलास तर पोलिसात देईन. आन केला कट."

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. सपनानं शिरा केला. शिरा खाता खाता मामी मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "आवाज मातर भरून आला होता त्याचा. चोर बी काय नाटकी असत्यात!"

मामी आमच्याकडेच राहिल्या होत्या. चार दिवसांनी कळमनुरीचा बाजार होता. बाजाराला आलेला गोपीचंद त्या इथं आहेत असं कळून घरी आला. पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाला, "मावशे, तुमच्या घरचं तुमी जाणा. पण लेकराला असं काहून तोडलं?"

"कोणाला रे?"

"रत्नपालला. माझ्या हॉटेलावर उतरला होता. दाढी वाढलेली, तरी म्या वळखला. घरी जायचं म्हणत होता, पण पाय उचलत न्हवता. म्या तुमचा नंबर दिला. माझ्याच हॉटेलातल्या रुपया टाकायच्या डब्ब्यावरून फोन लावला त्यानं."

मीच कसंबसं विचारलं, "बा गेल्याचं त्याला सांगितलं नाही तुम्ही?"

"वाटंत कसं सांगावं, साहेब? घराकडं निघालेल्या माणसाला मातीची बातमी रस्त्यात देतो का कोणी? म्हणलं, मायच्या तोंडून कळू द्या, तिच्या गळ्यात पडून रडंल."

त्यातही त्याची काही चूक नव्हती. आमच्याकडे असंच करतात. मीही तेच केलं असतं.

"मग?" मामींनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"म्या गिऱ्हाइकाला चहा देऊन वळलो, तर हा फोन ठेवून उभा. म्हणला, माय म्हणती तिला पोरगं न्हाई. म्या म्हणलं थांब, तर नांदेडकडं जाणाऱ्या एका ट्रकला हात दाखवून चढला बी. मला वाटलं, तुमचा राग अजून गेला न्हाई."

मामी रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "जेवला व्हता का रे?"

"चहा बी अर्धाच ठेवून गेला, मावशे."

तेव्हा मात्र त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी आयुष्यात पुन्हा ऐकू इच्छित नाही. सपना त्यांच्या पायाशी बसून "माझ्यामुळं झालं गं माय" म्हणत राहिली आणि मामी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मला सगळ्यांचा राग आला. सासऱ्यांचा, गोपीचंदचा, त्या पहिल्या चोराचा, आणि नऊ वर्षांनी आलेल्या आणि एका वाक्यावर निघून गेलेल्या त्या रत्नपालचाही. दोन गाड्या बदलल्या असत्या तर तो दिवसाउजेडी घरी पोचला असता.

मी खूप शोधलं. नांदेडच्या ट्रकअड्ड्यावर विचारलं, रस्त्यावरच्या प्रत्येक ढाब्यावर सांगून ठेवलं. वारंगा फाट्यावर माझी गाडी रोज थांबते. दाढीवाला कोणी चढला की तिकीट फाडताना मी नाव विचारतो. लोक चमकून बघतात.

आता मामींचा फोन वाजला की त्या पलीकडच्याला बोलूच देत नाहीत. "रत्नपाल का? बाळा, तुझा बा गेला रे. म्या रागावले न्हाई. घरी ये," एका दमात सांगून टाकतात. रिंगटोन विकणाऱ्या कंपनीची पोरगी असो की राँग नंबर, सगळ्यांना हेच. बरेच जण फोन ठेवून देतात.

गेल्या महिन्यात एकानं ठेवला नाही. "व्हय माय, म्या रत्नपालच," म्हणाला. "जरा अडचणीत हाय, कूपनं पाठव." मामींनी शिरडहून आम्हाला फोन केला, पैसे हवेत म्हणून.

"माय, तो चोर हाय गं," सपना हळूच म्हणाली. आता ती मोठ्यानं बोलत नाही.

"असंल," मामी म्हणाल्या. "चोराला न्हाई म्हणाया गेले आन लेकराला न्हाई म्हणलं. आता म्या कोणालाच न्हाई म्हणत न्हाई."

सपना माझ्याकडे बघत राहिली. मी शर्ट चढवला आणि कूपनं आणायला गेलो.