हिरवी जाकिटं, तांबडी जाकिटं

शामसुंदर गुरुजींना रंगांचं भारी वेड. नाशिकच्या शाळेतलं त्यांचं स्काउट पथक आधी चारचौघांसारखंच होतं. खाकी सदरा, खाकी चड्डी, गळ्यात स्कार्फ, आणि थंडीपावसाला देवळालीच्या बाजारातून आणलेली, लष्करातून बाद झालेली जुनी खाकी जाकिटं. ती इतकी ढगळ, की पोरं आतल्या आत हरवायची. सत्त्याहत्तरच्या श्रावणात त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीत यात्रेकरूंच्या मदतीला गेलेला एक मुलगा खरोखरच धुक्यात चुकला. दिवसभर सापडेना, कारण बघावं तिकडे खाकीच. शेवटी सापडला, पण गुरुजींनी धसका घेतला. इतर पथकांच्या मास्तरांचं डोकं खाऊन त्यांनी ठरवून घेतलं, की स्कार्फाचा जो रंग, तोच जाकिटाचा. नाशिकची हिरवी, पेठ गावच्या पथकाची तांबडी.

"आता लांबून नुसता रंग बघायचा. पोरगं कुणाचं ते कळलंच!" भेटेल त्याला ते ऐकवायचे.

हिरवी जाकिटं शिवली विमलाबाईंनी. त्यांचा एकुलता एक मल्हारी पथकात होता. नवऱ्यामागे त्या त्याच्याकडे बघूनच जगत होत्या.

एक्याऐंशीच्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारच्या फेरीला, दोन्ही पथकं पुन्हा त्र्यंबकला गेली. स्वयंपाकाला विमलाबाई, आणि पेठच्या पथकाबरोबर त्यातल्या बहिरूची आई कुसाबाई. एका चुलीवर राबता राबता दोघींचं चांगलंच गूळपीठ जमलं.

दुपारी आरडाओरडा झाला. फेरीच्या वाटेवरच्या ओढ्याला अचानक लोंढा आला होता, आणि एका म्हातारीला हात देताना एक स्काउट वाहून गेला होता.

"जाकीट कोणत्या रंगाचं?" गुरुजींनी विचारलं.

"तांबडं," बातमी आणणारा म्हणाला.

गुरुजी तडक चुलीपाशी आले. "विमलाबाई, आपला मुलगा नाही."

विमलाबाईंच्या जिवात जीव आला. सुटलो, एवढंच त्यांच्या मनात आलं. दुसऱ्याच क्षणी त्यांची त्यांनाच लाज वाटली, कारण शेजारी कुसाबाई हातातला पळा तसाच धरून उभी होती.

पेठच्या मास्तरांनी आपली पोरं मोजली. एक बहिरू तेवढा नव्हता. हिरव्या पथकातला मल्हारीही अजून परतला नव्हता, पण त्याची कुणाला काळजी वाटली नाही. फेरीच्या वाटेवर त्याला नेमून दिलेली जागा लांब आहे, येईल, असं गुरुजी म्हणाले आणि पेठकरांबरोबर ओढ्याकडे धावले.

"त्याला पवता येत नाय वो," कुसाबाई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. "मीच धाडला त्याला. नाय म्हणत व्हता, मीच धाडला."

विमलाबाईंनी तिला पोटाशी धरलं. "रडा कुसाबाई, रडून घ्या," एवढंच त्यांना सुचलं. पोर गेलेल्या बाईला काय सांगायचं असतं, ते त्यांना कुठे ठाऊक होतं?

ओढ्यात काहीच हाती लागलं नाही. अंधारून यायच्या सुमाराला माणसं परतली, आणि पाठोपाठ धुक्यातून एक हिरवं जाकीट वाट उतरताना दिसलं.

"मल्हारी आला!" गुरुजी म्हणाले.

विमलाबाई उठल्या नाहीत. पोर गेलेल्या आईसमोर आपलं पोर कसं कवटाळायचं? आनंद दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि हातानेच त्याला खुणावलं, जवळ येऊ नको, तिकडेच थांब.

पण पोरगं थांबलं नाही. पळत आलं.

"आये!"

कुसाबाईने मान वर केली. बहिरू होता.

"हे जाकीट कुणाचं?" गुरुजींनी विचारलं.

"मल्हारीचं. काल शेकोटीला आमी दोस्ती केली. आज वाटेवर गाठ पडली तवा स्कार्फ बदलले, मग जाकिटं बी." बहिरू सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागला. "मी धुक्यात चुकलो व्हतो. तो आला नाय का अजून?"

दोस्ताशी स्कार्फ बदलायची स्काउटांची रीत जुनीच. गुरुजींच्या स्वतःच्या ट्रंकेत त्यांच्या लहानपणचे असे कितीतरी स्कार्फ होते.

कुसाबाईने पोराला छातीशी ओढलं, त्याचं तोंड चाचपलं, हसली, रडली. मग तिला पाठीवरचा विमलाबाईंचा हात जाणवला. तो अजून तिला थोपटतच होता. कुसाबाईचं हसू विरलं. विमलाबाईंकडे न बघता तिने बहिरूला हळूच आपल्या मागे ढकललं आणि पदराने झाकून घेतलं.