फ्रेझरच्या बाजूने

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलच्या त्या घरात दर शनिवारी दुपारी भांडण व्हायचं, आणि सुजाताला ते अगदी नकोसं व्हायचं.

भांडणारे दोघं. एक तिचा नवरा अतुल, रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळणारा. दुसरे दादाराव काका, दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहणारे. दोघंही नागपूरचे, पण ओळख झाली ती इथे, भीमजयंतीच्या कार्यक्रमात खुर्च्या लावताना. काका तरुणपणी रेल्वेकडून बॉक्सिंग खेळायचे, हेवीवेट. अतुलने मात्र आयुष्यात कधी ग्लोव्हज घातले नव्हते. हॉस्टेलवर असताना पोरांनी मिळून भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर त्याने माइक टायसन पाहिला, आणि तो कायमचा टायसनचा झाला. काका मात्र त्याच्या आधीच्या पिढीतल्या, मुहम्मद अलीशी झुंजलेल्या जो फ्रेझरचे. भांडणाचा विषय एकच. हे दोघं बॉक्सर आपापल्या ऐन भरात समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं?

“जॉर्ज फोरमनने दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडला तुमच्या फ्रेझरला,” अतुल म्हणायचा. “टायसन तर पहिल्याच राउंडमध्ये फिनिश करेल.”

“सहा वेळा पाडला म्हणजे उठला पण ना बाप्पा!” काका टेबलावर थाप मारायचे. “तुझा टायसन टोकियोत एकदा पडला, तर तोंडातलं रबर शोधत बसला खाली. पाचव्या राउंडनंतर काय राहते त्याच्याजवळ?”

“पाचवा राउंड आला तर ना, काका!”

चहा नेऊन ठेवताना सुजाता म्हणायची, “फ्रेझर जाऊन इतकी वर्षं झाली, टायसन म्हातारा झाला. कशाला घसे कोरडे करता?” त्यावर दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. अतुल म्हणायचा, “अगं, तुला काय कळतं त्यातलं!”

मार्चमध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसता बसता अतुल कोसळला. मेंदूत रक्तस्राव. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये मशीनवर होता. मग एका सकाळी डॉक्टरांनी सुजाताला शेजारच्या लहानशा खोलीत बसवलं आणि शांतपणे सांगितलं, की आता श्वास तो घेत नाहीये, मशीन घेतंय. पुढे काय करायचं ते तिने ठरवायचं होतं. मुलगी उपासना शार्लटहून कॉलेज बुडवून आलेली, तिने आईचा हात घट्ट धरला होता. मशीन बंद करायला सुजाता “हो” म्हणाली.

पुण्यानुमोदनाला हॉल भरला. दादाराव काका मागच्या ओळीत बसले, वंदना झाल्यावर कोणाशी न बोलता निघून गेले. त्यानंतर ते घरी आले नाहीत. उपासना परत गेली. डबे आणणाऱ्या बायकांचं येणं हळूहळू कमी झालं.

बाकीचे दिवस ऑफिसमुळे कसेतरी ढकलले जायचे. शनिवारची दुपार मात्र सुजाताला खायला उठायची. ती टीव्ही लावायची, बंद करायची. नागपूरला बहिणीला फोन करावा तर तिकडे सगळे झोपलेले. आणि खरं तर तिला कोणाचं बोलणं नकोच होतं. तिला ते भांडण हवं होतं. अतुलचा चढत जाणारा आणि ऐन रंगात आल्यावर चिरकणारा आवाज, काकांची टेबलावरची थाप, त्यावर खळखळणारे कप. इतकी वर्षं ज्याने डोकं दुखायचं, त्याच्यासाठी आता कान आसुसलेले असायचे.

अशाच एका शनिवारी तिने लॅपटॉप उघडला आणि टायसनच्या फाइट्स लावल्या. मनात साधा हिशेब होता. अतुलची बाजू नीट शिकून घ्यायची, काकांना चहाला बोलवायचं आणि बोलायला लावायचं. घरात पुन्हा जरा आवाज होईल.

पहिले काही दिवस तिला बघवेना. मग नजर बसली. समोरचा माणूस धड उभाही राहिलेला नसायचा, तोवर टायसन त्याच्या छातीपाशी पोचलेला असायचा. अतुलला यात काय दिसलं असेल ते तिला कळलं. हॉस्टेलच्या खोलीत, नुकतंच मिसरूड फुटलेला अतुल ते बघतोय असं तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्या अतुलला ती ओळखतही नव्हती. त्याचीही तिला आठवण यायला लागली.

मग तिने फ्रेझर लावला. ठेंगणा, रुंद, सारखा पुढे जाणारा. अलीचे ठोसे तोंडावर घेत घेत आत शिरायचा आणि डाव्या हाताचा हुक घालायचा. मार खाऊनही तो मागे हटायचा नाही. मनिलातली अलीबरोबरची फाइट तिने दोन संध्याकाळी मिळून पाहिली. चौदावा राउंड संपला तेव्हा फ्रेझरचे डोळे सुजून जवळपास मिटलेले होते. शेवटचा एकच राउंड उरलेला. त्याला उठायचं होतं. पण कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या ट्रेनरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला खाली बसवलं आणि फाइट थांबवायला सांगितलं.

सुजाताने लॅपटॉप मिटला. 

काकांना बोलवायला तिने स्वतः फोन केला. ते आले. इस्त्रीचा शर्ट, पायात वॉकिंगचे बूट. दारात “जय भीम” म्हणाले आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. समोरच्या खुर्चीकडे त्यांनी बघितलं नाही. बिस्किटं पुढे केली तर एक घेतलं, हातातच ठेवलं.

“काका,” सुजाता म्हणाली, “टायसन पहिल्याच राउंडमध्ये फिनिश करेल.”

काकांनी मान वर केली. “हे अतुलचं बोलणं आहे. तू काऊन बोलून राहिली?”

“मी पाहिल्या सगळ्या फाइट्स. दोघांच्याही.”

“खरंच?”

“हो.”

“मग तुला काय दिसलं, ते सांग. त्याचं नको सांगू.”

 अतुलचं उत्तर सुजाताने पाठ केलेलं होतं, पण ते तिने बाजूला ठेवलं. ती म्हणाली, “मला वाटतं फ्रेझर जिंकेल. पहिल्या दोन राउंडमध्ये पडेल, पण जिंकेल. टायसनला समोरचा माणूस घाबरलेला लागतो, काका. फ्रेझर घाबरतच नाही.”

काका खूश होतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी बिस्किट बशीत ठेवलं.

“तू पण इकडेच आली,” ते म्हणाले, “तर तिकडे कोण राहिलं आता?”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “फ्रेझरचं गाव इथून फार दूर नाही. साउथ कॅरोलायनात आहे, समुद्राकडे. पाच-सहा तासांचा ड्राइव्ह. अतुल म्हणायचा, काका, एकदा फक्त म्हणा की टायसन जिंकेल, लगेच गाडी काढतो. मी काही म्हटलं नाही. म्हणून जायचं राहून गेलं. एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?”

“मी नेते,” सुजाता म्हणाली. “काही म्हणू नका तुम्ही. तसंच चला.”

मेमधल्या एका शुक्रवारी सुट्टी घेऊन ती दोघं सकाळीच निघाली. उपासनाला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरगी काळजीत पडली असती. मागच्या सीटवर थालीपिठं, पाण्याच्या बाटल्या, काकांची औषधं. हायवे सरळसोट, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं. काका बोलत राहिले. त्यांच्या वेळचं अजनीचं रेल्वेचं मैदान, घामाने कडक झालेले ग्लोव्हज, पेपरात आलेला फ्रेझरचा अंधुक फोटो. अलीला सगळी दुनिया डोक्यावर घ्यायची, ते म्हणाले, आणि तोच अली फ्रेझरला भर सभेत गोरिला म्हणायचा, लोक हसायचे. “मला तेव्हाच वाटलं, याच्या बाजूने कोणीतरी बोललं पाहिजे. आपल्याला काही नवीन होतं का नावं ठेवून घेणं?”

फ्रेझरच्या गावी, ब्यूफर्टला, पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. खाडीचा वास, दलदलीतलं उंच गवत, आणि जाडजूड ओकची झाडं. त्यांच्या फांद्यांवरून करड्या जटांसारखं शेवाळ खाली लोंबत होतं. गावाबाहेरच्या एका रस्त्याला फ्रेझरचं नाव दिलेलं आहे. सुजाताने गाडी कडेला घेतली. हिरवी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव. बाकी तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. एक चर्च, काही घरं, कुंपणाला टेकवलेली एक सायकल.

काका पाटीखाली उभे राहिले. झाडावरचं शेवाळ दाखवून म्हणाले, “लहानपणी त्याने पोत्यात चिंध्या, दाणे काढलेली कणसाची बुरकुंडं आणि हेच शेवाळ भरलं, मध्ये विटा घातल्या, आणि झाडाला टांगून ठोसे मारायचा. असं त्याने स्वतःच सांगितलंय.” मग हळूच त्यांनी डावा हात वर घेतला, हनुवटी छातीशी आणली आणि कमरेतून एक हुक हवेत घातला. एवढ्या वयातही तो सुंदर होता.

एक पिकअप थांबला. आतल्या पांढऱ्या दाढीच्या कृष्णवर्णीय गृहस्थाने काच खाली करून विचारलं, रस्ता चुकलात का? काका गाडीजवळ गेले आणि आपल्या रेल्वेच्या इंग्रजीत म्हणाले, “सर, फ्रेझर अँड टायसन. हू विल विन?”

तो माणूस मोठ्याने हसला. या रस्त्यावर उभं राहून हे विचारायचं नसतं, म्हणाला, आणि हात हलवून निघून गेला. काकाही हसले. अतुल गेल्यापासून त्यांना हसताना सुजाता पहिल्यांदा बघत होती.

मग तिने विचारलं. महिनाभर जे मनात होतं ते.

“काका, मनिलाला त्या ट्रेनरने फाइट थांबवली. फ्रेझरला तर लढायचं होतं ना. मग बरोबर केलं का त्याने?”

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. प्रश्न कुठून आला ते त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी घाई केली नाही.

“मी तर नेहमी म्हणायचो, नाही थांबवायला पाहिजे होती,” ते म्हणाले. “एकच राउंड होता. यावर खूप भांडायचो आम्ही, टायसनपेक्षाही जास्त. तू आत असायची तेव्हा.”

“अतुल काय म्हणायचा?”

“तो म्हणायचा, काका, आत लढणाऱ्याला थांबता येत नसते. म्हणून कोपऱ्यात आपलं माणूस लागते. ट्रेनरने हात ठेवला खांद्यावर, तोच त्या दिवसातला सगळ्यात कठीण ठोसा होता, आणि तो त्याने स्वतः खाल्ला. असं म्हणायचा तो. मी मानलं नाही कधी. पण बेटा, तो असं म्हणायचा.”

सुजाता गाडीला टेकली. पत्रा उन्हाने तापलेला होता. ती रडली, आवाज दाबायचा प्रयत्न न करता रडली. काका थोडे बाजूला जाऊन कुंपणाशी उभे राहिले आणि त्यांनी तिला रडू दिलं.

तिला हायसं वाटलं का? थोडंसं. पण त्याहून जास्त तिला अतुलचा राग आला, की हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. आणि स्वतःचा, की चहाचे कप ठेवून ती दर वेळी आत निघून गेली. पाच मिनिटं खुर्ची ओढून बसली असती, तर हे त्याच्याच तोंडून ऐकलं असतं.

थालीपिठं त्यांनी खाडीजवळच्या बाकावर बसून खाल्ली. ओहोटीने चिखल उघडा पडला होता आणि त्यात पांढरे बगळे हिंडत होते. तेवढ्यात उपासनाचा फोन आला.

“आई, व्हेअर आर यू? ऑफिसमध्ये फोन केला तर म्हणाले, तू सुट्टीवर आहेस.”

“ब्यूफर्टला आहे. दादाराव काका आहेत बरोबर.”

“ब्यूफर्ट? व्हाय?”

“फ्रेझरचं गाव आहे.”

“हू इज फ्रेझर?”

“तुझ्या बाबाचं आणि काकांचं भांडण व्हायचं ना, तो.” सुजाताने पाय जवळ घेतले. “तुझा बाबा चुकत होता, उपासना. ऐक, सांगते.”

आणि ती सांगायला लागली. टोकियो, मनिला, सहा वेळा उठणं. काका शेजारी मान डोलवत होते, मध्येच एखादी तारीख दुरुस्त करत होते. सांगता सांगता तिचा आवाज चढला. टायसनला समोरचा घाबरलेला लागतो, इथपर्यंत आली आणि थांबली. इथे कोणीतरी मध्ये तोंड घालायला हवं होतं. पलीकडे उपासना मन लावून ऐकत होती, काही बोलत नव्हती.

“मग?” ती म्हणाली. “देन व्हॉट, आई?”

सुजाता बाटलीतलं पाणी प्यायली आणि पुढे सांगत राहिली.